डाव्या हाताचा हिरो

महानंदाबद्दल मला इचारायला आलात? गावात दुसरं कुणी घावलं न्हाय व्हय तुमाला? बसा आता. दूध सोसायटीनं तिचा फोटू लावलाय, फोटूला हार घातलाय, आन् खाली चार ओळी लिवायच्या म्हणून तुमी मास्तर लोक वही घेऊन हिंडताय. कुणालाबी इचारा, लई गुणाची बाई व्हती म्हणतील. मीबी तेच म्हणते. गुणाचीच व्हती. आन् मी तिच्यावर चौदा वरसं जळले. ते लिवणार आसाल तर सांगते, न्हायतर चहा प्या आन् वाटंला लागा.

बहात्तरचा दुष्काळ. जळकोटाच्या माळावर सरकारनं खडी फोडायचं काम काढलं. झाडून सगळं गाव तिथं. ज्यांच्या उंबऱ्याला आमची सावली चालत नव्हती, त्या घरच्या बाया माझ्या मांडीला मांडी लावून दगड फोडत व्हत्या. न्हाय म्हणायला पाण्याचे रांजण दोन ठिवले व्हते, त्यांचा न् आमचा. पर दोन्ही दुपारपतुर कोरडे पडायचे, मग कसला इटाळ न् काय.

आमच्या टोळीत तीसेक बाया. मुकादम बिभीषण. आन् टोळीची राणी म्हणाल तर मी, जाईबाई. हसू नका. माझा गळा तवा असा व्हता की आमच्या वस्तीत जयंतीला माझ्याबिगर गाणं उठत नव्हतं. माळावर मी ओळ टाकली की तीस बाया झेलायच्या आन् तीस हातोडे एका टायमाला पडायचे. बिभीषण म्हणायचा, "जाईबाई, तुमच्या गाण्यानं दोन गाड्या खडी जास्त निघती." मला जगात दुसरं काय पायजे व्हतं?

पायजे व्हतं, एक पायजे व्हतं. माझ्या मालनचं लगीन.

पोर सोळाची. रंगानं सावळी, नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण. पर डावरी. जेवायचं डाव्या हातानं, इळा डाव्या हातात, हातोडा डाव्या हातात. लहानपणी म्या तिचा हात लुगड्याच्या काठानं बांधून ठिवला, चापट्या मारल्या, चटका द्यायचा तेवढा ऱ्हायला. गुण न्हाय आला. आदल्या सालात अणदूरचं स्थळ आलं व्हतं. पोरीनं पाण्याचा तांब्या डाव्या हातानं पुढं केला. त्या लोकांनी तांब्या खाली ठिवला, पाण्याला तोंड न्हाय लावलं, आन् उठले. आता बघा, त्यांनी दीक्षा घेतलेली, आमी दीक्षा घेतलेली. देव इहिरीत टाकले, पर डाव्या हाताचं भ्या काय कुणाच्या मनातनं इहिरीत पडलं न्हाय. माझ्याबी न्हाय. त्या दिवसापासनं मला एकच घोर, ह्या पोरीचा हात बदलला न्हाय तर ही जलमभर माझ्या चुलीपुढं बसणार.

अशात दिवाळीच्या मागनं महानंदा कामावर आली. बंडप्पा वाण्याची बायकू. दुकानात इकायला माल नव्हता आन् घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बंडप्पा सोलापूरला गिरणीत गेला आन् ही पदर डोळ्यापतुर वढून माळावर. गळ्यात लिंग, तळहात लोण्यासारखे. पहिल्याच दिवशी दोन्ही तळव्यांना फोड आले. तिला हातोडा कसा धरायचा ते कुणी शिकवलं? माझ्या मालननं. माझं नशीबच फुटकं, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी ती काम करता करता गुणगुणाया लागली. चाल नवीन, जरा हेलकावे खाणारी. मालननं इचारलं, "काकू, कुठलं वो गाणं हे?" तर म्हणती, "पिच्चरचं." माहेरी आळंदकडं दिवाळीला तंबूतला सिनेमा आला व्हता, तिनं बघितला. झालं! बाया तिला चिकटल्या. सांग, सांग. तिनं एक अट घातली, "हात चालू ठिवले तर सांगीन. ज्या टायमाला हातोडे थांबले, त्या टायमाला पिच्चर बंद." बिभीषण मुकादम तर खूश. अशी रोज थोडं थोडं सांगायची ती, आन् मोक्याच्या जागी आणून सोडायची.

पिच्चरचं नाव तिला धड सांगता येत नव्हतं. तिला कानडी अक्षरं येत व्हती, हिंदी न्हाय. पर गोष्ट अशी. एक मोठी नदी. नदीवर नावाडी, त्यो हिरो. लाकडाचा ठेकेदार, त्यो बदमाश. हिरोईन शहरातनं आलेली डागदराची लेक. हिरो तिला नावंतनं पल्याड सोडतो, तिथं पहिलं गाणं. ठेकेदाराची माणसं तिला पळवतात, हिरो एकटा बारा जणांना लोळवतो. शेवटाला पूर येतो, आन् पुरात वाहत्या लाकडाच्या ओंडक्यांवर उभं राहून त्याची न् ठेकेदाराची मारामारी.

पर बायांना मारामारीचं काय पडलं नव्हतं हो. त्यांना पाणी पायजे व्हतं! "नदी किती रुंद व्हती गं?" म्हातारी भिमाबाई इचारायची. "हितनं त्या लिंबापतुर?" महानंदा म्हणायची, "त्याच्या दुप्पट." "आन् खोल?" "बांबू टाकला तर बांबू दिसंना." की सगळ्या गप. नुसते हातोडे. नावंतलं गाणं त्यांनी आपल्या बोलीत करून घेतलं, 'नाव हळू हाक रे, काठ लई लांब हाय,' आन् माझ्या टोळीचे हातोडे आता त्याच्यावर पडाया लागले. एक दिवस म्या मुद्दाम माझं गाणं उचललं. दोघी-तिघींनी वढलं, मधीच सोडलं. भिमाबाई काय म्हणली सांगू? "जाई, जरा दम धर. आज नदीला पूर येणार हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पर ते बी म्या गिळलं असतं. गाणं काय, आज माझं उद्या दुसरीचं.

बारा जणांच्या मारामारीचा दिवस आला. महानंदा सांगत व्हती, "हिरोनं वल्हं उचललं डाव्या हातानं..." तशी मालन एकदम थांबली. "डाव्या?" महानंदा म्हणली, "डाव्याच की. त्यो सगळं डाव्या हातानं करतोय. वल्हं डाव्या हातात, मूठ डावी, आन् हिरोईनीनं रुमाल बांधला त्यो बी डाव्या मनगटाला." सगळ्या बायांनी माझ्या पोरीकडं बघितलं. कुणीतरी म्हणलं, "अगं बाई, आपल्यातबी हाय की हिरो!" हसल्या सगळ्या, पर वाईट न्हाय हसल्या. आन् मालनचं तोंड... काय सांगू तुमाला. सोळा वरसांत तसं उजळलेलं म्या बघितलं नव्हतं. तसं उजळायला म्या तिला कधी कारणच दिलं नव्हतं म्हणा.

दुसऱ्या दिवशीपासनं पोरीनं डाव्या मनगटाला चिंधी बांधली. जागा बदलून महानंदाच्या शेजारी बसाया लागली. दुपारी सगळ्यांसमोर डाव्या हातानं भाकरी खाल्ली, ताठ मानेनं. म्या उठले आन् एक ठिऊन दिली. दुसरी देणार तर महानंदानं माझा हात वरच्या वर धरला. "जाईअक्का, नका मारू. कामाचा हात हाय त्यो." माझी पोर, म्या जलम दिला, आन् ही कोण गं टिकोजी मला शिकवणारी? घरी आलं तरी तेच. काकू असं म्हणतात, काकू तसं म्हणतात. हंड्यातनं पाणी घेताना मालन ते नावंतलं गाणं म्हणायची आन् मला वाटायचं हंडा उचलून आपटावा. सवत आली असती तरी म्या एवढी जळले नसते. नवरा मेला सवतीकडं गेला तर गेला. पोर कशी देऊ?

मनात एकच बसलं. ही बाई खोटं बोलती. माझ्या पोरीला आपलीशी करायला हिनं हिरोला डावरा केलाय.

पौषात नळदुर्गाला खंडोबाची जत्रा भरती. माझा भाऊ श्रीमंत तिथंच हमाली करायचा. त्याचा निरोप आला, जत्रंत त्योच पिच्चर आलाय, नदीवाला. आजारी मावशीचं निमित्त काढून मी गेले. देवळाकडं फिरकले न्हाय, सरळ तंबूकडं. मधी सुतळी बांधून एकीकडं बाप्ये, एकीकडं बाया, समोर पडदा. मी बसले. दिवस मावळला, पिच्चर लागला. देवाशप्पथ सांगते, नदी बघून मीबी दोन घडी सगळं इसरले. केवढं पाणी! महानंदा बोलली त्यात तसूभर कमी न्हाय. मग हिरोनं वल्हं उचललं. उजव्या हातानं! रुमाल उजव्या मनगटाला! म्या एकटीनं टाळी वाजवली, बाकीच्या बाया माझ्याकडं बघाया लागल्या. घावली म्हणलं, रांड घावली.

मधली सुट्टी झाली तशी मी लघवीला तंबूच्या मागल्या अंगाला गेले. येताना बघते तर पडद्याच्या पाठीमागंबी माणसं बसलेली. सस्त्याची जागा. पडदा पातळ, इकडनंबी सगळं दिसत व्हतं. पिच्चर परत सुरू झाला आन् माझे पाय तिथंच रुतले. हिरो डाव्या हातानं मारत व्हता. नदी उलट्या बाजूनं व्हात व्हती. मला हुडकत श्रीमंत आला. म्या म्हणलं, "आरं, हितनं हा डावा दिसतोय!" तो हसला. "अगं, वाकळ उलटी केल्यावर टाके उलटेच दिसणार की." आन् मला आठवलं. महानंदा एकदा बोलली व्हती, तिच्या माहेरी बाप्ये पडद्याच्या पुढं बसवतात आन् बाया मागं. म्हणजे बाईनं जे बघितलं तेच सांगितलं. एक अक्षर पदरचं न्हाय.

श्रीमंत म्हणला, "म्हणजे तुझी महानंदा खरी निघाली." म्या त्याला म्हणलं, "गप ऱ्हा, पिच्चर बघू दे."

सकाळी चालत परत आले. वाटंभर माझ्या मनात दोन बाया भांडत व्हत्या. एक म्हणायची, जाई, जाऊन सांग, गंमतच हाय, सगळ्या हसतील. दुसरी म्हणायची, तू उजवा बघितलास की न्हाय? मग तेवढंच बोल. पोर परत मिळंल, हात सुधरंल, लगीन व्हईल. माळ आला तवा एकच बाई उरली व्हती. कोणती ते तुमाला कळलंच आसंल.

महानंदा आदल्या दिवशीचा धागा पकडून सांगायला लागली व्हती. म्या म्हणलं, "थांब. म्या बघितला तुझा पिच्चर. नळदुर्गात. ह्या डोळ्यांनी." हातोडे थांबले. "हिरो उजव्या हाताचा हाय. वल्हं उजव्या, रुमाल उजव्या. डावंबिवं काय न्हाय. ही बाई तुमाला येडं करती आन् तुमी व्हताय." मालन उठून उभी ऱ्हायली. "माय, शपथ घी." म्या इचारलं, कुणाची? ती म्हणली, "बाबासाहेबांची." माझ्या जिवाचं पाणी झालं. पर म्या घेतली. उजवाच बघितला, बाबासाहेबांची शपथ. खोटी न्हाय घेतली मास्तर. अर्धी घेतली. अर्धी खोटीपरीस वंगाळ आसती हे त्या दिवशी कळलं मला.

महानंदाचं तोंड उतरलं. मला वाटलं भांडंल, निदान मी मागनं बघितला व्हता असं तरी म्हणंल. पर तिच्या ध्यानातच येत नव्हतं ते. तिला वाटलं आपणच चुकलो. हळूच म्हणली, "जाईअक्का मोठ्या हाईत, खोटं कशाला बोलतील. माझंच ध्यान चुकलं आसंल. मालन, चुकलं गं माझं." मालननं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग मनगटाची चिंधी सोडली. हातोडा उचलला, उजव्या हातात घेतला आन् खाली बसली. पहिलाच घाव बोटावर बसला. ती आय न्हाय का ऊय न्हाय.

भिमाबाई म्हणली, "गा आता, जाई." मी गायले. हातोडे पडले, पर कुणाचा कुणाशी मेळ नव्हता.

महानंदानं परत पिच्चर कधी सांगितला न्हाय. शेवटाला पुरात काय झालं ते बायांना कळलंच न्हाय. इचारलं तर म्हणायची, "मला नीट आठवत न्हाय गं." आन् मला जे पायजे व्हतं ते सगळं मिळालं. आठ दिवसांनी मालन उजव्या हातानं जेवाया लागली, मी न सांगता. वैशाखात सास्तूरचं स्थळ आलं. पोरीनं उजव्या हातानं चहा दिला. पाव्हण्यांनी पिला. बिनबोभाट लगीन झालं. मी गावभर सांगत फिरले, बघा, पिच्चरनं बिघडलेली पोर मी कशी वळणावर आणली.

पुढं पाऊस झाला, दुकान काय परत उभं ऱ्हायलं न्हाय, पर महानंदा उभी ऱ्हायली. एका म्हशीवर सुरुवात केली. बायांची दूध सोसायटी निघाली तर आधी ती माप घालायला, मग सेक्रेटरी, शेवटाला चेअरमन. ते तुमच्या वहीत आधीच आसंल. जे नसंल ते सांगते. एकदा माझ्या दुधात पाणी निघालं. घातलंच व्हतं म्या, निघंल न्हाय तर काय. तिला चारचौघींत माझं नाक कापता आलं असतं, तिचा हक्कच व्हता. ती दुपारी घरी आली, चहा पिली आन् जाता जाता म्हणली, "अक्का, घागर जरा नीट निथळत जावा." मला तिचा त्या दिवशी एवढा राग आला! माणसानं इतकं चांगलं आसू नये हो. शेजारच्याला जगणं मुश्कील व्हतं.

आन् मालन. सास्तूरहून येस्टी उतरली की पोर आधी तिच्या दारात, मग माझ्या. लेकरं झाली तर आधी तिला दाखवायला. मी दारात उभी राहून मोजायची, आता पाणी पिली आसंल, आता निघाली आसंल. मला टायफाईड झाला तवा मालन तिसऱ्या दिवशी आली. गेल्या महिन्यात महानंदा गेली तर पहिल्या येस्टीनं आली. त्यांच्या लिंगायतांत मयत बसवून नेतात, ठावं हाय न्हवं? खुर्चीत बसवलेली, कपाळाला भस्म, सोसायटीच्या मीटिंगला निघाल्यासारखी. माझी पोर तिच्या पायाला धरून अशी रडली की लोकांना वाटलं, लेक आसंल. मी मागं उभी. मनात आलं, माझ्यासाठी रडंल का अशी? मड्यावरबी जळायची माझी जात, काय करता.

दुपारी घरी आलो. मालन जेवायला बसली. उजव्या हातानं घास करत व्हती, डोळं गळत व्हते. म्या म्हणलं, "मालन, महानंदा खोटी नव्हती. तिनं पडद्यामागनं बघितला व्हता. तिकडनं त्यो डावाच दिसायचा. आन् मला ते त्याच दिवशी कळलं व्हतं. म्या दोन्हीकडनं बघितला व्हता. कळून सवरून शपथ घेतली म्या."

पोरीनं वर बघितलं बी न्हाय. "ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"त्याच आठवड्यात. श्रीमंतमामा खडीवर आला व्हता, त्यानं हसत हसत सांगितलं. मी तशीच काकूंकडं पळत गेले. म्हणलं, काकू, आत्ता चला, सगळ्यांसमोर सांगू."

"मग?"

"काकू म्हणल्या, नको. तुझी माय बायांत तोंड वर करून बोलली हाय. आता खोटी पडली तर त्या तोंडानं परत गाणार न्हाय कधी. ऱ्हाऊ दे."

म्या इचारलं, "मग तू उजव्या हातानं का जेवाया लागलीस गं? कळल्यावरबी?"

"तू खोटी पडू नयेस म्हणून."

"आन् सास्तूरला? पाव्हण्यांना..."

"सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं. हसल्या. म्हणल्या, माझा भाऊबी डावरा हाय." पोरीनं पदरानं डोळे पुसले. "माय, मी घरी डाव्या हातानंच जेवते. चौदा वरसं. उजव्या हातानं फकस्त तुझ्यापुढं जेवते."

तुमाला खरं सांगते मास्तर, मला आधी लाज न्हाय वाटली. आधी हेच वाटलं की त्या दोघींचं माझ्याआड एक गुपित व्हतं, चौदा वरसं जपलेलं, आन् ते गुपित मीच व्हते. लाज मागनं आली. आली ती अजून बसलीय.

म्या म्हणलं, "मग जेव की नीट." ती तशीच बसून ऱ्हायली. सवय लागली व्हती बिचारीला, माझ्यापुढं हात बदलंना. मग मीच उठले आन् पाठ फिरवून चुलीकडं तोंड करून बसले.